‘हो ना’ म्हणजे हो की ना?

…आणि वर मलाच म्हणते, "सर, एवढ्या लोकांची माहिती तुम्ही न विचारता ठेवलीत?" न विचारता! अहो, ठेवली म्हणजे काय चोरून आणली का मी? लोक आपल्या पायांनी माझ्या ऑफिसात आले, आपल्या हातांनी दिली, उंची दिली, वजन दिलं (ते जरा कमी करून), पगार दिला (तो जरा वाढवून), पत्रिका दिल्या, फोटो दिले, आणि जाताना चहा पिऊन वर सांगून गेले, "सावेकाका, आता सगळं तुमच्यावर!" आता सगळं माझ्यावर म्हटल्यावर मी ते ठेवणार नाही तर काय समुद्रात टाकणार? पण नाही! "आधी विचारायचं, सर, आधी विचारायचं!"

तुम्हाला सांगतो, मी एकनाथ सावे. डहाणूला मसोलीत ते ‘किनारा वधूवर सूचक केंद्र’ आहे ना, बोर्डावर दोन हार आणि मधे होडी, ते माझं. म्हणजे आईनं सुरू केलेलं, ती गेली, मी चालवतो. आधी रेल्वेत बुकिंगच्या खिडकीवर होतो, पुष्कळ वर्षांपूर्वी निवृत्ती घेतली, तिथंही लोकांना कुठं जायचंय ते विचारायचो आणि पाठवून द्यायचो, इथंही तेच. चिंचणीपासून तलासरीपर्यंत किती घरांत माझ्या हातची लग्नं आहेत, मोजायला गेलं तर माझं मलाच खरं वाटणार नाही. आणि माझं स्वतःचं? …राहून गेलं. कसं राहिलं ते मलाही नीट माहीत नाही. नावातच ‘एक’ आहे म्हणून सोडून देतो झालं.

तर ही जी "आधी विचारायचं" म्हणते, ती रुचिता. आपल्याच भागातली, वाणगावची पोरगी, वापीच्या कंपन्यांना माहितीचा नवीन कायदा शिकवते. हुशार, बोलायला गोड, पण कायद्याच्या बाबतीत अजिबात सोडत नाही. तिला मी बोलावलं का? तर माझ्या डोक्यात आलं की जमाना बदलला, आपणही सॉफ्टवेअर घेऊ. घेतलं. एआयवालं! पत्रिका, आवडी-निवडी सगळं आपोआप जुळवणारं, वर लोकांशी मराठीत गप्पा मारणारं, बाईच्या आवाजात. ‘मैना’ म्हणतात तिला. आणि विकणारे जाता जाता सांगून गेले, "काका, कायद्याचं तेवढं बघून घ्या हां!" म्हणजे गळ्यात बांधायचं त्यांनी आणि बघून घ्यायचं मी.

रुचिता आली, लॅपटॉप उघडला, आणि मला म्हणाली, "सर, कायद्यानं तुम्ही डेटा फिड्युशियरी आहात." मी म्हटलं, बाई, मला शुगर आहे तेवढी पुरे, हे नवीन काय? तर म्हणे, "म्हणजे विश्वस्त, सर. लोकांच्या माहितीचे विश्वस्त." तुम्हाला सांगतो, छाती अशी वर आली! आमच्याकडे विश्वस्त म्हणजे देवस्थानचे, पांढरे कपडे, सभेत पुढची खुर्ची. आणि मी, मसोलीतला एकनाथ, घरबसल्या विश्वस्त! म्हटलं, आणि ज्यांची माहिती आहे ते कोण? म्हणे, "ते डेटा प्रिन्सिपल." सगळे? "सगळे." म्हणजे अच्छाडला ढाबा चालवणारा मनिष प्रिन्सिपल, चिंचणीला मासळी सुकवणारी भारती प्रिन्सिपल… म्हटलं, रुचिता, माझ्याकडे खरीखुरी प्रिन्सिपल एकच आहे, तलासरीच्या वसुमतीबाई, शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाल्या. ती म्हणाली, "कायद्यासमोर सगळे सारखे, सर." असतील बाबा.

मग दंड सांगितला. अडीचशे कोटींपर्यंत! मी माझ्या ऑफिसकडे बघितलं. एक टेबल, तीन खुर्च्या, पंखा, आणि आईचा हार घातलेला फोटो. म्हटलं, यात कोटी बसवायचे कुठं?

ती हसली, मग परत गंभीर झाली. "एआय निर्णय घेणार, तर त्यावर माणसाची देखरेख पाहिजे. तुमच्याकडे माणूस कोण?" म्हटलं, मी. "तक्रार निवारण कोण बघणार?" मी. "माहिती सुरक्षित आहे की नाही ते कोण तपासणार?" मीच की! "आणि सर, तुमच्याविरुद्ध तक्रार आली तर?" म्हटलं, माझ्याकडेच येणार, दुसरं आहे कोण? तिनं लॅपटॉप मिटला. चांगली पोरगी आहे, तिला वाईट वाटलं. पण तुम्ही बघा ना, एवढी सगळी पदं एका माणसाकडं, आणि संध्याकाळी घरी जाऊन वाढून घ्यायचं ताट एकच.

आता मैनेचं ऐका. तिला चालू करताना एक सदस्य चाचणीला घालायचा असतो. दुसऱ्याला घालावं तर… बरोबर! "आधी विचारायचं!" म्हणून म्हटलं आपल्यालाच घालू, स्वतःला काय विचारायचं? वय एकसष्ट, रेल्वे निवृत्त, घर स्वतःचं, व्यसन नाही, चिकूची सहा झाडं. मग अपेक्षा. आता लोकांना मी इतकी वर्षं सांगत आलो की अपेक्षा कमी लिहा, पण स्वतःवर वेळ आली तर हात थांबतो हो! गोरी लिहू? या वयात? सुगरण लिहू? मी खातो किती? शेवटी एकच शब्द लिहिला, ‘बोलणारी’. बस्स.

मी चहा घेऊन येतो तोवर मैना म्हणते कशी, "अभिनंदन एकनाथजी! आपल्यासाठी एक अत्यंत अनुरूप स्थळ आहे. वसुमती, तलासरी." मी कप तसाच टेबलावर ठेवला. वसुमतीबाई! आता या बाईंचं असं, की नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, रिटायर झाल्यावर एकदा आल्या आणि नाव घालून गेल्या, म्हणाल्या, "सावे, लग्नाची घाई नाही, पण कुणीतरी असलं तर बरं." मग अधूनमधून फोन. "सावे, काही स्थळ?" असं सुरू करायचं, आणि मग मुलांना पाढे का येत नाहीत, तलासरीला वीज किती वेळा जाते, यंदा चिकूला भाव का नाही… स्थळ राहायचं बाजूला. मी तेव्हा कानाला फोन लावून अंगणात फेऱ्या मारायचो. ठेवल्यावर घर एकदम मोठं वाटायचं.

मी मैनेला विचारलं, का गं बाई, हेच स्थळ का? कारण रुचितानं सांगितलेलं, एआयनं निर्णय दिला की कारण मागायचं. मैना म्हणाली, "आपण दोघे एकमेकांशी इतर सर्व सदस्यांपेक्षा जास्त वेळ फोनवर बोलता." अहो! ही माझा फोन बघत होती! मी लाजलो, खरं सांगतो, त्या मशिनसमोर लाजलो. आणि बरं पण वाटलं. इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही ते तिच्या आलं.

उत्साहानं रुचिताला फोन केला. ती किंचाळलीच. "सर! कॉलची माहिती तिनं घेतलीच कशी? वसुमती मॅडमनी नंबर दिला तो स्थळं बघण्यासाठी, कोण किती वेळ बोलतं ते मोजण्यासाठी नाही! विचारलं होतं का त्यांना? आधी विचारायचं, सर! ही जुळणी रद्द करा." रद्द? "रद्द. आणि सर… तुम्ही विश्वस्त आहात. सदस्यांची माहिती स्वतःसाठी वापरायची नसते." मी म्हटलं, बाई, मी पण सदस्यच झालोय. म्हणे, "चाचणीपुरते, सर." म्हणजे बघा, जन्मात एकदा स्थळ आलं, तेही कायद्यानं मोडलं. आणि मोडायचं बटण कुणी दाबायचं? देखरेख करणाऱ्या माणसानं! म्हणजे कोण? दाबलं.

त्यानंतर रुचिताचा हुकूम आला, सगळ्या जुन्या सदस्यांना नोटीस पाठवा. माहिती ठेवू का ते विचारा. आणि संमती कशी पाहिजे, तर मोकळेपणानं दिलेली, विनाअट, नीट समजून आणि अगदी स्पष्ट! म्हटलं, रुचिता, एवढी स्पष्ट संमती तर आमच्याकडे बोहल्यावर पण कुणी देत नाही. ती म्हणाली, "नोटिशीचा मसुदा मी इंग्रजीत देते, तुम्ही साध्या मराठीत लिहा. लोकांना कळेल असं."

इथं चुकलं. लोकांना कळेल असं मी लिहिलं! आता माझं मराठी म्हणजे वधूवर केंद्राचं, हाताला तेच वळण. लिहिलं काय? ऐका. "सप्रेम नमस्कार. मी एकनाथ सावे. आपली संपूर्ण माहिती माझ्याजवळ आहे. ती यापुढेही माझ्याजवळच राहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. आपली संमती असल्यास ‘हो’ असे कळवावे. कोणतीही जबरदस्ती नाही. आपल्या होकाराच्या प्रतीक्षेत." आणि वर माझा फोटो! पुतणीच्या लग्नातला, सूट घातलेला, फेटा बांधलेला. आणि दाबलं ‘सर्वांना पाठवा’. पुरुष, बायका, लग्न झालेले, न झालेले, सगळ्यांना एकाच मिनिटात माझं मागणं गेलं!

पहिला फोन चिंचणीच्या नविनचा. तारापूरला कंपनीत आहे, मीच लग्न जमवलं त्याचं भारतीशी. "काका! हे काय चाललंय? माझ्या बायकोची संपूर्ण माहिती तुमच्याजवळ? आणि ती तुमच्याजवळच राहायला पाहिजे? मनापासून?" मी म्हटलं, अरे नविन, कायदा आहे. "कसला कायदा? बायकोला मागणी घालायचा?" मागून भारती हसतेय, खोकतेय, म्हणतेय, "विचार त्यांना, फेटा कुठनं आणला!" मी समजावलं, नविन शांत झाला, मग म्हणाला, "काका, मला पण आलाय तोच मेसेज. त्याचं काय?" म्हटलं, त्याला पण हो म्हण आणि फोन ठेव.

मग अच्छाडचा मनिष. बॉर्डरवर ढाबा, घरात गुजराती, गिऱ्हाइकाशी हिंदी, माझ्याशी मराठी. त्यानं बिचाऱ्यानं प्रामाणिकपणे उत्तर दिलं, "हा". गुजरातीत ‘हा’ म्हणजे हो! पण मैना पडली मराठी. विचारते, "हा म्हणजे कोण? कृपया स्पष्ट करा." तो लिहितो, "हुं मनिष." म्हणजे मी मनिष. मैनेनं नोंद केली, ‘सदस्य नाराज आहे’. तो वैतागून लिहितो, "हा हा हा!" मैना म्हणते, "आपल्याला आनंद झाला हे वाचून बरं वाटलं." शेवटी मला फोन, "काका, आ कोण छे? तमारी बायको छे?" म्हटलं, नाही रे बाबा, बायको नाही. "तो पछी?" म्हणजे मग कोण? मशिन आहे म्हटलं. तो म्हणाला, "काका, एक दिवस ढाब्यावर या जेवायला." का म्हणाला ते मी विचारलं नाही.

आणि रानशेतहून हाल्या आला. हाल्याची मुलगी बारकी, नर्स झालीय, शिकलेला नवरा पाहिजे म्हणून तिचं नाव माझ्याकडे. हाल्या आणि त्याची बायको भिकी, दोघं दुपारी दारात, धुतलेले कपडे, हातात मोठा भोपळा. मी म्हटलं, या या, बसा. हाल्या बसला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाला, "पोरीनं वाचून दावला तुजा निरोप. तू मागणी घातलीस, आमाला मान दिलास. पण पोर नको सांगते. वय लय हाय तुजं." आणि भिकी खालच्या मानेनं म्हणते, "फोनावर नाय म्हणणं बरं नाय दिसत, म्हणून आलो." आणि भोपळा टेबलावर ठेवला. म्हणजे नकाराबरोबर भोपळा, तोही खराखुरा!

आता मी काय करायला पाहिजे होतं? लगेच सांगायला पाहिजे होतं की बाबांनो, तसं नाही, हा माहितीचा कायदा आहे. पण तुम्हाला सांगतो, ते सांगितलं असतं तर दोघं लगेच उठली असती. म्हणून मी आधी चहा टाकला. तीन कप काढले, तिसऱ्याची बशी सापडेना, ती शोधली, माळ्यावर सापडली, धुतली. आई गेल्यापासून घरात तीन कप एकदम ओले झाले नव्हते. हाल्या मला समजावत होता, "तू वाईट नको वाटून घेऊ. तुला पण भेटंल कोनतरी. एकला मानूस बरा नाय." मी हो हो करत होतो. चहा संपल्यावर खुलासा केला. भिकी इतकी हसली, इतकी हसली, की पदरानं डोळे पुसले. हाल्या मात्र म्हणाला, "मंग भोपळा ऱ्हावं दे." गेले दोघं. भोपळा मी चार दिवस खाल्ला.

आता येतो मुद्द्यावर. तुम्ही म्हणाल, एवढ्या लोकांचं सांगितलं, वसुमतीबाईंचं काय? तेच तर सांगायचंय, पण जीभ वळत नाही. त्यांचं उत्तर आलं. दोन शब्द. "हो ना".

झालं! तुम्हीच सांगा, ‘हो ना’ म्हणजे काय? मराठीत म्हणाल तर ‘हो ना’ म्हणजे हो, अगदी हो, विचारताय काय! पण तोच ‘हो ना’ जरा लांबवला की ‘हो नाऽऽ, काय करणार आता’. आणि बाईंची आई उंबरगावची, गुजरातेतली, त्यामुळे बाई बोलता बोलता ‘ना’ म्हणतात ते कधीकधी सरळ नाही असतं! म्हणजे आधी हो लिहिलं आणि मग विचार बदलून ना? बरं, बाई कशा, तर "नमस्कार, सावे," यात सुद्धा स्वल्पविराम देणाऱ्या. आणि इथं काहीच नाही! ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम, ना प्रश्नचिन्ह! जन्मभर मुलांच्या वह्यांत ती चिन्हं लाल शाईनं दाखवली आणि नेमकी मला द्यायची विसरल्या?

मैनेनं तर हातच वर केले. "उत्तर संदिग्ध आहे. मानवी निर्णय आवश्यक." आणि खाली दोन बटणं. हो आणि नाही. माझ्या हातात माऊस. म्हणजे सगळ्या जगात त्या दोन शब्दांचा अर्थ लावायला नेमलेला माणूस कोण? मी! आणि मला दोन गोष्टींचा अर्थ लावायचा होता बघा. माहितीला हो की नाही, ती एक. आणि मागणं समजून नविनसारखं, हाल्यासारखं… बाईंनी ते तसं वाचलं असेल का? आणि तसं वाचून ‘हो ना’ लिहिलं असेल का? हे माझ्या डोक्यात आलं आणि मी त्या खुर्चीवरून उठूच शकलो नाही. पंखा फिरतोय, मी बसलोय. एवढा आनंद आणि एवढी भीती एकदम, मला सवयच नाही हो.

रुचिताला विचारलं, म्हटलं ‘हो ना’ हे हो धरू का? "अंदाज लावायचा नाही, सर. स्पष्ट विचारा. आधी…" विचारायचं, माहीत आहे! पण विचारायचं काय? फोन उचलायचा आणि म्हणायचं, बाई, तुमच्या ‘ना’चा अर्थ काय? आणि समजा म्हणाल्या, कशाबद्दल? मग? मी फोन उचलायचो, ठेवायचो. आज करू, उद्या करू. उद्या करू, परवा करू. मैना रोज सकाळी म्हणायची, "सुप्रभात एकनाथजी, एक निर्णय प्रलंबित आहे." घरात मला सुप्रभात म्हणणारं तेवढंच, म्हणून तिलाही रागावता येईना.

आणि एक दिवस म्हणाली, "सुप्रभात एकनाथजी, कोणताही निर्णय प्रलंबित नाही." काय? कसा नाही? तर नियमच तसा भरलेला, मुदतीत स्पष्ट संमती आली नाही तर माहिती पुसायची! पुसली! बाईंची पत्रिका गेली, फोटो गेला, मैना माझ्या फोनला जोडलेली होती म्हणून नंबर पण गेला, आणि मैनेनं त्यांना माझ्या नावानं निरोप पाठवला, "आपले उत्तर आम्हाला समजू शकले नाही. आपली माहिती कायमची नष्ट करण्यात आली आहे. आजवरच्या सोबतीबद्दल आभार. एकनाथ सावे." आजवरच्या सोबतीबद्दल! मी हे आयुष्यात कुणाला म्हटलं नसतं हो!

रुचिताला फोन केला तर ती म्हणते, "सर, नियमाप्रमाणे बरोबर झालं." मी म्हटलं, रुचिता, पण नंबर मला पाठ आहे. डोक्यातला कसा पुसायचा? ती म्हणाली, "सर, हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. डोकं त्यात येत नाही." मग अगदी हळू म्हणाली, "जाऊन या ना तलासरीला."

गेलो. इस्त्रीचा शर्ट घातला, मागच्या खिशात कंगवा, आणि एसटीत बसून वाटभर घोकत गेलो. काय घोकत होतो? ‘वसुमतीबाई, माहितीचं राहू दे, मी तुम्हाला विचारायला आलोय.’ एवढंच वाक्य. वाटेत उधवा गाव येईपर्यंत मोठ्यानं म्हणत होतो, शेजारची बाई उठून पुढं जाऊन बसली.

बाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या. मला बघून उठल्या नाहीत, हसल्याही नाहीत. "या, सावे. तुमच्या मैनेनं मला काढून टाकलं." म्हटलं, हो, म्हणजे तिनं, मी नाही. "खाली नाव तुमचं होतं." मी पायरीवर बसलो. मग धीर करून म्हटलं, बाई, तुम्ही ‘हो ना’ लिहिलं होतं. ते… हो, की ना?

त्यांनी हातातली शेंग तशीच धरली. म्हणाल्या, "तुम्ही काय विचारलं होतं, त्यावर आहे."

बाई पुढं म्हणाल्या, "तुमचा निरोप आला तेव्हा मी दोनदा वाचला. मला वाटलं, सावे शेवटी… मग शेजारची कविता आली फोन घेऊन, तिला पण तोच. तिचा मुलगा बारावीला आहे. तेव्हा कळलं सगळ्यांनाच आहे." आणि हसल्या. ते हसणं मला अजून दिसतं. "तर सांगा, काय विचारलं होतंत?"

आता! आता, एकनाथ! वाक्य तोंडात होतं, सांगतो ना, अगदी दातांच्या मागं. आणि मी, विश्वस्त, देखरेख करणारा माणूस, तक्रार निवारण अधिकारी, मी काय म्हणालो? म्हणालो, "ते… आपली माहिती पुन्हा ठेवू का, असं." 

बाईंनी शेंग सोलली. दाणे ताटलीत टाकले. म्हणाल्या, "ठेवा. माहिती ठेवा." स्पष्ट! मोकळेपणानं! विनाअट! रुचितानं ऐकलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. मग बाईंनी माझ्याकडे बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "आणखी काही विचारायचं होतं?" म्हणजे दुसऱ्यांदा संधी दिली हो त्या बाईनं! कोण देतं? आणि मी उठलो, पॅन्ट झटकली, आणि विचारलं… काय विचारलं असेल? "डहाणूची एसटी कितीला आहे?"

"ती आत्ताच गेली, सावे," म्हणाल्या, आणि ताटली घेऊन आत गेल्या.

मग काय, चालत हायवेला आलो. तिथं शेअरची इको उभी होती, आत जाऊन बसलो. बसून राहिलो, बसून राहिलो, गाडी काही हलेना. ड्रायव्हरला म्हटलं, बाबा, काढ ना गाडी, आता कशाला थांबलायस? तर तो तंबाखू मळत म्हणतो, "काका, एक माणूस कमी आहे. एक माणूस आलं की निघू." मी म्हटलं, थांब बाबा. माझंही तेवढ्यासाठीच अडलंय.